सेकंडहँड की विंटेज? : जोडभिंगी कॅमेऱ्याचा इतिहास आणि खरेदीचा प्रश्न

वस्तू तीच राहते आणि तिला संबोधण्याचा शब्द तेवढा बदलतो, तेव्हा किमतीबरोबर आणखीही काही बदललेले असते. मुंबईचा चोर बाजार असो, फोर्टातील बोरा बाजारची कॅमेऱ्यांची दुकाने असोत वा पुण्याचा जुना बाजार असो. तेथे एकेकाळी जो कॅमेरा 'सेकंडहँड' म्हणून विकला जात असे, तोच आज 'विंटेज' म्हणून विकला जातो. पहिल्या शब्दात किंचित संकोच होता. आधी कोणीतरी वापरलेली वस्तू ऐपत नसल्यामुळे आपण घेत आहोत, अशी कबुली त्यात होती. दुसऱ्या शब्दात मिरवणूक आहे. विंटेज हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा आणि मद्याचा. जितके वर्ष जुने तितकी चव अधिक, हा त्याचा गर्भितार्थ. यंत्राला हा अर्थ लागू पडतो काय? कॅमेरा मद्यासारखा मुरतो, की लोखंडासारखा गंजतो? प्रस्तुत लेखात आम्ही एका विशिष्ट यंत्राच्या निमित्ताने या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. ते यंत्र म्हणजे दोन भिंगांचा, कमरेपाशी धरून वरून डोकवायचा, चौकोनी फोटो काढणारा फिल्मचा कॅमेरा. इंग्रजीत त्याला ट्विन-लेन्स रिफ्लेक्स म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. या लेखापुरते आम्ही त्याला 'जोडभिंगी कॅमेरा' असे म्हणू.

साहित्याच्या अभ्यासकांनी कॅमेऱ्याच्या खरेदीविक्रीत का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जुने आणि नवे यांतील निवड हा साहित्यव्यवहारातलाही नित्याचा प्रश्न आहे. मूळ आवृत्ती वाचावी की संपादित पुनर्मुद्रण, परंपरा जपावी म्हणजे तिची पूजा करावी की तिचा वापर करावा, हे वाद आपल्याला नवे नाहीत. यंत्राच्या बाबतीत हेच वाद अधिक उघडे पडतात, कारण यंत्र चालते तरी किंवा बंद तरी पडते. तेथे भावनेला फार वेळ लपून राहता येत नाही.

यंत्राची घडण

आधी यंत्र समजून घेऊ. एका पेटीत एकावर एक अशी दोन भिंगे बसवलेली असतात. खालचे भिंग फोटो घेते. वरचे केवळ पाहण्यासाठी असते. वरच्या भिंगातून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसवलेल्या आरशावर आपटून वर वळतो आणि दुधी काचेवर प्रतिमा उमटवतो. छायाचित्रकार मान खाली घालून ती प्रतिमा पाहतो. दोन्ही भिंगे एकाच पट्टीवर मागेपुढे सरकत असल्यामुळे वर जे स्पष्ट दिसते ते खाली फिल्मवरही स्पष्ट उमटते. आरसा एकच असल्याने प्रतिमा सुलटी, पण डावे-उजवे बदललेली दिसते. चालणारा माणूस काचेवर उलट दिशेने जातो आणि त्याचा पाठलाग करताना नवशिक्याचे हात हमखास चुकीच्या बाजूला वळतात. आणखी एक उणीव घडणीतच आहे : पाहणारे भिंग आणि टिपणारे भिंग यांच्यात काही सेंटिमीटरांचे अंतर असल्यामुळे जवळच्या वस्तूचा फोटो काढताना पाहिलेले आणि टिपलेले यांत फरक पडतो.

या उणिवांच्या बदल्यात मिळते ते असे. फोटो काढण्याच्या नेमक्या क्षणी एकभिंगी कॅमेऱ्यात आरसा उचलला जातो आणि डोळ्यांपुढे अंधार होतो. येथे आरसा स्थिर असल्यामुळे दृश्य एक निमिषही नाहीसे होत नाही. भिंगातच बसवलेल्या पाकळ्यांच्या शटरचा आवाज हलका असतो. एकशे वीसच्या रोलवर बारा फोटो निघतात आणि प्रत्येक निगेटिव्ह सुमारे ५६ मिलिमीटर लांब व तितकीच रुंद असते. ३५ मिलिमीटरच्या नेहमीच्या निगेटिव्हचे माप २४ गुणिले ३६. म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक. फोटो मोठा करताना हा फरक डोळ्यांना ताबडतोब कळतो.

दोन भिंगांची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. लंडनमध्ये १८८० च्या दशकातच असे कॅमेरे बनत होते. पण ते लाकडी, अवजड आणि काचेच्या पट्ट्यांवर चालणारे होते. त्या कल्पनेला आजचे रूप दिले ते जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके या जोडीने. १९२० मध्ये त्यांनी कारखाना काढला. फ्रांके व्यापार पाहत, हायडेके यंत्र. आरंभी ते स्टिरिओ कॅमेरे बनवीत. त्या कॅमेऱ्यांत फोटो घेणारी दोन भिंगे शेजारी-शेजारी आणि त्यांच्या मध्ये पाहण्याचे तिसरे भिंग असे. त्यातले एक भिंग वजा करून उरलेली दोन उभी मांडली की आपला जोडभिंगी कॅमेरा तयार होतो. १९२९ मध्ये 'रोलायफ्लेक्स' या नावाने तो बाजारात आला. १९३२ च्या आवृत्तीत एकशे वीसची फिल्म आणि ती पुढे सरकवणारा दांडा आला. १९३३ मध्ये 'रोलायकॉर्ड' हा त्याचा स्वस्त भाऊ आला. आणि १९३७ मध्ये 'ऑटोमॅट' आला. फिल्मच्या रोलमध्ये आधी नुसता कागद असतो, फिल्म पुढे चिकटवलेली असते. दोन रुळांमधून जाताना जाडी वाढली की यंत्राला फिल्म सुरू झाल्याचे आपोआप कळे आणि मोजणी सुरू होई. रोल घाला, मागचे दार लावा, दांडा थांबेपर्यंत फिरवा. बाकी सारे यंत्र पाही.

आमच्या विवेचनासाठी १९३७ हे वर्ष कळीचे आहे. त्या वर्षी या यंत्राची घडण मूलतः पूर्ण झाली. पुढच्या साऱ्या सुधारणा, म्हणजे अधिक प्रकाश घेणारी भिंगे, त्यांवरचे लेप, प्रकाशमापक, या त्या घडणीवरच्या भर होत्या. भिंगांचे तर त्याहून जुने. या वर्गातील बहुतेक कॅमेऱ्यांत जे 'टेसार' जातीचे चार काचांचे भिंग असते, त्याची रचना झाइसच्या पाउल रुडॉल्फने १९०२ मध्ये केली. महागड्या रोलायफ्लेक्समधील 'प्लानार' हे नाव त्याच रुडॉल्फच्या १८९६ च्या रचनेवरून आले. तेव्हा १९८६ मध्ये कोणी कोरा करकरीत यशिका घेतला असता तरी त्याच्या हाती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची दृष्टीच आली असती. जे यंत्र नवे असतानाच जुने होते, त्यात 'नवा' या विशेषणाला किती अर्थ उरतो?

मान खाली घालून पाहणे

या यंत्राने पाहण्याची एक रीत घडवली. ती न पाहता त्याचे मोल ठरवणे अपुरे होईल.

डोळ्याला लावलेला कॅमेरा चेहरा झाकतो. समोरच्या माणसाला त्यातून रोखून पाहिल्याचे जाणवते. जोडभिंगी कॅमेरा पोटाशी असतो. छायाचित्रकाराची मान खाली झुकलेली असते, चेहरा उघडा असतो आणि तो मान वर करून कधीही बोलू शकतो. भिंगाची उंची कमरेइतकी असल्यामुळे उभी माणसे किंचित खालून, थोडी भारदस्त दिसतात, तर मुले त्यांच्याच उंचीवरून दिसतात. चौकट चौकोनी असल्यामुळे कॅमेरा आडवा धरावा की उभा हा प्रश्नच उद्भवत नाही.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या साधनांत रोलायफ्लेक्स होता. नवसारीत जन्मलेल्या होमाईबाई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि सत्तांतर, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंचा काळ हे सारे त्यांनी टिपले. वृत्तछायाचित्रकारांच्या गर्दीत या कॅमेऱ्याची एक युक्ती फार कामाची असे : तो डोक्यावर उलटा धरायचा आणि वर पाहत काचेवरची प्रतिमा न्याहाळायची. गर्दीच्या मागे उभे राहूनही मग पुढचे दिसते. १९७० मध्ये त्यांनी छायाचित्रण थांबवले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या काळी हा कॅमेरा 'विंटेज' नव्हता. तो रोजीरोटीचे हत्यार होता.

अमेरिकन छायाचित्रकार ली मिलर हिने दुसऱ्या महायुद्धाचे व १९४५ मध्ये मुक्त झालेल्या छळछावण्यांचे फोटो रोलायफ्लेक्सने काढले. ज्या देशात कॅमेरा घडला त्याच देशाचा गुन्हा त्या कॅमेऱ्याने नोंदला. आणि व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) हिची कथा तर आता सर्वश्रुत आहे. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या या बाईने १९५२ च्या सुमारास हाती आलेल्या रोलायफ्लेक्सने रस्त्यावरची माणसे टिपली आणि ती जवळपास कोणालाही दाखवली नाहीत. भाडे थकलेल्या गोदामातील तिचे सामान २००७ मध्ये लिलावात निघाले, तेव्हा एक लाखाहून अधिक निगेटिव्ह जगापुढे येण्याची वाट मोकळी झाली. तिच्या स्वतःच्या प्रतिमांत, दुकानाच्या काचेत वा आरशात, कॅमेरा पोटाशी आणि चेहरा उघडा असा दिसतो. या प्रतिमांनी जुन्या कॅमेऱ्यांची मागणी वाढवण्यास मोठा हातभार लावला असावा, असे आम्हांला वाटते. येथे विरोधाभास असा की, जिने आपल्या यंत्राचा मिरवण्यासाठी कधी उपयोग केला नाही, तिच्यामुळे ते यंत्र मिरवण्याची वस्तू झाले.

वाल्टर बेन्यामिनने १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीभोवतीचे तेजोवलय लोपते असे मांडले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. छायाचित्रणाच्या इतिहासावरचा त्याचा छोटा निबंध १९३१ चा. म्हणजे पहिला रोलायफ्लेक्स बाजारात आल्यानंतर दोनच वर्षांनी लिहिलेला. ज्या यंत्राने कलाकृतीचे तेजोवलय घालवले, त्या यंत्रालाच पुढे तेजोवलय चिकटेल, याची कल्पना मात्र त्या मांडणीत नाही. 'विंटेज' हा शब्द म्हणजे कारखान्यात घाऊक बनलेल्या वस्तूला मागाहून बहाल केलेले एकमेवपण होय.

नव्याचा ऱ्हास

महायुद्धानंतरचे दशक या कॅमेऱ्याच्या भरभराटीचे. जपानमध्ये यशिका, मिनोल्टा, मामिया आदींनी आपापली रूपे काढली. मामियाने भिंगांची जोडीच बदलता येण्याची सोय केली. सोव्हिएत रशियात लेनिनग्राडच्या कारखान्यातून 'ल्युबिटेल' आला : बॅकेलाइटची पेटी, तीन काचांचे भिंग, आणि दात एकमेकांत अडकवून एकत्र फिरणारी दोन भिंगे. शांघायहून 'सीगल' आला. भारतात आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी कॅमेरा ही चैनीची वस्तू होती. परंतु लग्नसमारंभाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकांत यशिका चांगलाच रुळला. फिल्म मिळवणेही सोपे नव्हते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' ही देशी फिल्म त्या टंचाईत उपयोगी पडे. तोही कारखाना पुढे बंद पडला.

उतरती कळा लागली ती दोन दिशांनी. १९४८ मध्ये हासेलब्लाडने त्याच मोठ्या फिल्मवर एकभिंगी कॅमेरा आणला, ज्यात भिंगही बदलता येई आणि फिल्मची पाठही. १९५९ मध्ये निकॉनने ३५ मिलिमीटरचा 'एफ' आणला आणि वृत्तछायाचित्रकार तिकडे वळले. एकाच भिंगातून पाहायचे व टिपायचे असल्याने पाहिलेले आणि टिपलेले यांतला फरक तेथे उरला नाही. फ्रांके १९५० मध्ये आणि हायडेके १९६० मध्ये निवर्तले. नंतरच्या व्यवस्थापनाने विस्ताराचा मार्ग धरला, सिंगापूरला मोठा कारखाना काढला. १९८१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. जपानमध्ये यशिकाचे शेवटचे रूप, १९७० चे 'मॅट-१२४ जी', १९८६ पर्यंत बनत राहिले. त्यातला १२४ हा आकडा म्हणजे बारा आणि चोवीस : १२० च्या रोलवर बारा फोटो, २२० च्या रोलवर चोवीस.

येथून नवा आणि जुना यांच्यातला खरा सामना सुरू होतो. १९८७ मध्ये रोलायने पुन्हा जोडभिंगी कॅमेरा काढला : '२.८ जीएक्स'. भिंगातून येणारा प्रकाश मोजणारा मापक त्यात होता, काचेवरचा लेप अद्ययावत होता. परंतु १९३७ चा तो रुळांचा ऑटोमॅट मात्र त्यात नव्हता; फिल्मवरचा बाण खुणेशी हाताने जुळवावा लागे, जसे जुन्या स्वस्त रोलायकॉर्डमध्ये करावे लागत असे. अर्धशतकानंतरच्या, कितीतरी महाग नव्या कॅमेऱ्यात आजोबांच्या कॅमेऱ्यातली सोय नव्हती! त्या नाजूक यंत्रणेचे सुटे भाग मोजक्या संख्येने बनवणे परवडणारे नव्हते, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो. 'नवे' म्हणजे 'पुढचे' हे समीकरण येथे मोडते. उत्पादन जेव्हा हजारोंवरून शेकड्यांवर येते तेव्हा नव्याला काही गोष्टी विसराव्या लागतात.

नव्या शतकाच्या आरंभी '२.८ एफएक्स' आला. त्याचे गिऱ्हाईक कोण? ज्याला हाच कॅमेरा हवा तो. आणि ज्याला हाच कॅमेरा हवा त्याच्यापुढे १९६० सालचा '२.८ एफ' कमी किमतीत, अधिक सोयींनिशी, उत्तम चालू स्थितीत हजर होता. ब्राउनश्वाइगच्या कारखान्याचा खरा प्रतिस्पर्धी निकॉन किंवा हासेलब्लाड नव्हता. त्या कारखान्याच्याच जुन्या कारागिरांनी केलेले काम हा त्याचा प्रतिस्पर्धी होता. नव्या कवीची स्पर्धा समकालीनांशी असते असे आपण समजतो, पण वाचक पुस्तकाच्या दुकानात उभा राहतो तेव्हा शेजारच्या फळीवर तुकाराम असतोच. २००९ मध्ये कंपनी पुन्हा दिवाळखोरीत गेली. तिच्या जागी आलेल्या डीएचडब्ल्यू फोटोटेक्निकने काही काळ काम चालवले. २०१४ मध्ये तीही दिवाळखोर झाली आणि २०१५ मध्ये बंद पडली.

दुसऱ्या टोकाला २००८ मध्ये लोमोग्राफीने ल्युबिटेलची नवी आवृत्ती, '१६६ +', काढली. ती मूळ रशियन कॅमेऱ्याहून कितीतरी महाग होती. स्वस्त वस्तूची महाग प्रतिकृती ही 'विंटेज' या कल्पनेची तर्कशुद्ध परिणती म्हणावी लागेल. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या मिंट या कंपनीने जोडभिंगी घडणीचा झटपट फोटोंचा कॅमेराही काढला. आज 'नवा' म्हणून समोर येतो तो बहुधा या दोन प्रकारांतला, अथवा कपाटात न वापरता राहिलेला जुना माल.

जुन्याचे आजार

म्हणून जुनाच घ्यावा काय? घाई नको. जुन्या यंत्राचे आजार ठरलेले आहेत आणि प्रत्येकाचे कारण समजण्यासारखे आहे.

पहिला आजार शटरचा. एक सेकंद, अर्धा सेकंद असे सावकाश वेग घड्याळासारख्या चाकांवर चालतात. तेल वाळून चिकट झाले की चाके अडखळतात. एक सेकंद दोनाचा होतो किंवा पाकळ्या उघड्याच राहतात. तेव्हा घेण्यापूर्वी सर्व वेग लावून कान देऊन ऐकावेत. वेगवान वेगांतला दोष कानाला कळत नाही. पण मंद वेग बिघडलेले असतील तर आतून साफसफाई झालेली नाही एवढे निश्चित.

दुसरा आजार बुरशी. आपल्या कोकणपट्टीच्या व मुंबईच्या हवेत तो विशेष. चामड्याची मूळ पेटी दिसायला सुरेख. परंतु चामडे ओलावा धरून ठेवते आणि त्या अंधारात काचेवर बुरशीचे तंतू पसरतात. फार काळ राहिल्यास ते काचेवरचा लेप व काचही खातात, मग पुसून काही होत नाही. मागचे दार उघडून, शटर उघडे ठेवून, भिंगातून विजेरीचा झोत टाकला की खरे काय ते दिसते. मूळ पेटीसह असलेला कॅमेरा 'विंटेज' बाजारात अधिक भाव घेतो आणि तीच पेटी त्याची मारक ठरू शकते, हे लक्षात असू द्यावे.

तिसरा आजार प्रकाशमापकाचा. सेलेनियमचे जुने मापक काळाच्या ओघात मंदावतात. यशिका-१२४ जी सारख्या कॅमेऱ्यांचे मापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीवर बेतलेले. पाऱ्याच्या विषारीपणामुळे त्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या. १.५ व्होल्टची साधी बॅटरी बसते खरी, पण मापन चुकते. यंत्र धडधाकट असून ज्या जगासाठी ते बनले ते जग संपल्याचे हे उदाहरण. २२० ची फिल्मही अशीच दुर्मीळ झाली. सुदैवाने १२० ची फिल्म इल्फर्ड, कोडॅक, फोमा आदी आजही बनवतात; ती फिल्म १९०१ पासून चालत आली आहे. वेगळा हाती धरायचा मापक वापरला की प्रश्न मिटतो.

चौथा आजार न दिसणारा आणि सर्वांत वाईट : दोन भिंगांची फारकत. कॅमेरा कधी पडला असेल किंवा कोणी अर्धवट खोलून पुन्हा जोडला असेल तर वरचे आणि खालचे भिंग एकमेकांशी जुळत नाही. वर काचेवर डोळे स्पष्ट, फिल्मवर मात्र कान स्पष्ट. परीक्षा सोपी : दार उघडून फिल्मच्या जागी घासलेल्या काचेचा किंवा अर्धपारदर्शक कागदाचा तुकडा ताणून बसवावा आणि वरची व खालची प्रतिमा ताडून पाहावी.

या आजारांवर इलाज आहे. पण इलाजाला वैद्य लागतो. आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. जुना कॅमेरा टिकतो तो त्याच्या पोलादामुळे नव्हे. तो दुरुस्त करू शकणाऱ्या हातांमुळे टिकतो. असे कारीगर पूर्वी मोठ्या शहरांतल्या कॅमेरा बाजारांत असत. डिजिटल कॅमेऱ्यांनी त्यांचे काम हिरावले आणि पुढची पिढी या धंद्यात फारशी आली नाही. सुटे भाग बनत नसल्यामुळे एक कॅमेरा वाचवण्यासाठी दुसरा मोडावा लागतो. म्हणजे जुन्यांचा साठा दर दुरुस्तीगणिक घटत आहे. कोणतीही परंपरा ग्रंथालयातल्या पोथीत सुरक्षित नसते; ती वाचणाऱ्यांत असते. मोडी लिपीतल्या कागदांची रुमाले जपली आणि मोडी वाचणारे संपले, तर जपले काय? कॅमेऱ्याचेही तेच.

आमचा निवाडा

नव्याच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद आहे आणि तो नाकारता येणार नाही. सगळ्यांनीच जुने घेतले तर बनवण्याची विद्या मरते. दुरुस्ती ही बनवण्याच्या विद्येची धाकटी बहीण. थोरली गेल्यावर धाकटी किती दिवस तगेल? एफएक्स घेणाऱ्या मूठभर लोकांनी जास्तीची किंमत मोजून काही वर्षे ती विद्या जिवंत ठेवली, आणि आम्ही जुन्यावर समाधान मानणाऱ्यांनी ती मरू दिली, असा आरोप कोणी केला तर त्यात तथ्य आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यांचे नवे उत्पादन अशक्य नाही, हे २०२४ मध्ये पेंटॅक्सने काढलेल्या फिल्मच्या नव्या कॅमेऱ्याने दाखवलेही आहे. तो जोडभिंगी नव्हे इतकेच. तेव्हा उद्या कोणी प्रामाणिक घडणीचा नवा जोडभिंगी कॅमेरा काढला, तर ज्याची ऐपत आहे त्याने तो जरूर घ्यावा. जुन्याच्या प्रेमाखातरच घ्यावा.

तोवर विद्यार्थ्याने काय करावे? आमचा सल्ला असा. नामांकित रोलायफ्लेक्सच्या मागे न लागता रोलायकॉर्ड, यशिका, मिनोल्टा ऑटोकॉर्ड यांपैकी चालू स्थितीतला एखादा पाहावा. किंमत ठरवताना दुरुस्तीचा खर्च तिच्यात आधीच धरावा. दुरुस्त करणारा माणूस आधी शोधावा, कॅमेरा मागाहून. घासलेले चामडे, उडालेला रंग यांची पर्वा करू नये. त्या खुणा कॅमेरा वापरात होता याची साक्ष देतात, आणि वापरात असलेल्या यंत्राचे तेल वाळत नाही. काचेच्या कपाटात चाळीस वर्षे चकचकीत राहिलेला कॅमेरा अनेकदा आतून अधिक आजारी निघतो. घेतल्यावर महिन्यातून एकदा तरी सर्व वेगांवर शटर चालवावे, पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवू नये.

म्हणजे शेवटी आम्ही जुन्याच्याच बाजूला आलो, पण 'विंटेज'च्या नव्हे. आरंभी उल्लेखलेला तो जुना, संकोचलेला शब्दच आम्हांला अधिक खरा वाटतो. 'सेकंडहँड' या शब्दात हात आहे. आधी एकाचा हात होता, आता दुसऱ्याचा आहे, आणि मधल्या काळात तिसऱ्या कोणी तो उघडून, पुसून, तेल घालून पुन्हा जोडला आहे. या तीन हातांपैकी तिसरा आज सर्वांत दुर्मीळ आहे. ज्याला जुना कॅमेरा विकत घ्यायचा आहे त्याने दुरुस्तीच्या मजुरीत घासाघीस करू नये, एवढेच आमचे मागणे.